साखर सोडली म्हणून कॅन्सर उपाशी राहत नाही

(या भागाचा पूर्ण मजकूर. ऐकायला वेळ नसेल, किंवा घरातल्या कोणाला वाचून दाखवायचं असेल, तर इथून वाचा. बोलतानाची थोडी अडखळ काढली आहे, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय.)

 

आज मागे पाऊस ऐकू येईल, तो सहन करा. मी नेहमीच्या खोलीत नाहीये. त्र्यंबकेश्वरला माझ्या आत्याकडे आलेय आणि तिच्या माडीवर, पत्र्याखाली बसून हा भाग रेकॉर्ड करतेय. काल तिसरा श्रावणी सोमवार झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, या दिवशी ब्रह्मगिरीच्या फेरीला माणसांचा पूर येतो. कुशावर्तावर अंघोळ करायची आणि चिखल तुडवत सगळ्या डोंगराला वळसा घालून परत यायचं. आज सकाळपासून गल्लीत जो तो लंगडतोय. आत्याचं कुशावर्ताच्या बाजूला बेल-फुलांचं छोटंसं दुकान आहे. दोन दिवस तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आत्ता खाली झोपलीय.

आजचा विषय आहे कॅन्सरची पेशी काय खाते, कसं खाते, आणि वाढण्यासाठी स्वतःचा सगळा कारभार कसा बदलते. पण खरं सांगायचं तर हा भाग म्हणजे एक दुरुस्ती आहे. माझ्याच चुकीची.

दीडेक वर्षापूर्वी मी साखरेवर एक भाग केला होता. त्यात बोलण्याच्या ओघात मी म्हणाले होते, की कॅन्सरच्या पेशींना साखर प्रचंड लागते, साध्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त. वाक्य खोटं नव्हतं. पण अर्धं होतं, आणि पुढचं अर्धं मी सांगितलंच नाही. कोणीतरी तेवढाच तुकडा कापून त्याचं रील केलं. ते फिरत फिरत आमच्याच घरच्या ग्रुपवर आलं. मला तर भारी वाटलं होतं, मी हार्टबिर्ट टाकले होते.

पुढे काही महिन्यांनी आत्याला स्तनाचा कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली. आणि आत्याने, कोणाला काही न सांगता, साखर बंद केली. मग गूळ बंद. मग फळं. मग भात. मग नागलीची भाकरीसुद्धा, कारण "भाकरीची पण पोटात साखरच होते ना, तूच सांगितलंस." चौथ्या केमोच्या वेळी वजन ५४ किलोवरून ४६ वर आलं होतं. डॉक्टरांनी केमो पुढे ढकलली. म्हणाले, या अंगाला आत्ता औषध झेपणार नाही.

मी भेटायला आले तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी चिडले, म्हटलं, "आत्या, खात का नाहीस तू?" ती अगदी शांतपणे म्हणाली, "अगं, मी त्याला उपाशी मारतेय."

तर मंडळी, आज त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग.

पाय, दही आणि आंबील

सुरुवात कालच्या फेरीपासूनच करू. तुम्ही सपाटीवर रमतगमत चालत असता तेव्हा पायाच्या स्नायूला रक्तातून ग्लुकोज मिळतं आणि ऑक्सिजनही भरपूर मिळतो. पेशी दोन टप्प्यांत काम करते. पहिल्या टप्प्यात ग्लुकोजचे दोन तुकडे होतात. याला ऑक्सिजन लागत नाही, पण मिळकतही थोडी, एका ग्लुकोजमागे एटीपीचे फक्त २ रेणू. एटीपी म्हणजे पेशीची रोकड, ज्यावर तिचे सगळे व्यवहार चालतात. दुसरा टप्पा मायटोकाँड्रियात होतो. तिथे ऑक्सिजन वापरून ते तुकडे पूर्ण जाळले जातात आणि एकूण मिळकत ३० ते ३२ वर जाते. जुन्या पुस्तकांत ३६ किंवा ३८ वाचलं असेल, आता हिशेब जरा कमी धरतात.

आता तुम्ही एकदम उभा चढ धावत चढलात. स्नायूला तातडीने रोकड हवी, पण ऑक्सिजन तेवढ्या वेगाने पोचत नाही. मग पेशी पहिल्याच टप्प्यावर भागवते. तुकड्यांचं लॅक्टिक अॅसिड करून बाहेर टाकते आणि पुढचं ग्लुकोज घेते. मिळकत कमी, पण झटपट. चढ संपला, दम परत आला, की गाडी पुन्हा रुळावर. आणि हो, आज जे लंगडतायत ना, ते लॅक्टिक अॅसिडमुळे नाही. ते तास-दोन तासांत निघून जातं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं हे स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजांचं असतं.

हेच लॅक्टिक अॅसिड तुम्ही रोज खाता. दुधाला विरजण लावलं की त्यातले जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक अॅसिड करतात, म्हणून दही आंबट. आपल्याकडची नागलीची आंबील आंबते त्यामागेही असलेच जिवाणू असतात. आणि नाशिकच्या वाइनच्या टाक्यांमध्ये यीस्ट पहिला टप्पा असाच उरकतं, फक्त शेवटी लॅक्टिक अॅसिडऐवजी अल्कोहोल करतं. या सगळ्याला आपण आंबणं म्हणतो.

थोडक्यात, साधी पेशी ऑक्सिजन असला की जाळते, आणि ऑक्सिजन कमी पडला की आंबवते. हे लक्षात ठेवा, कारण कॅन्सरची पेशी नेमका हाच नियम मोडते.

ऑक्सिजन आहे, तरी आंबवतेय

हे पहिल्यांदा नीट मोजलं ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने, १९२० च्या दशकात, बर्लिनमध्ये. त्याने उंदरांच्या गाठींचे अगदी पातळ काप घेतले, बंद भांड्यात ग्लुकोजच्या पाण्यात ठेवले, आणि वायूचा दाब किती बदलतो त्यावरून पेशी किती श्वसन करतायत आणि किती अॅसिड सोडतायत ते मोजलं. निरोगी पेशीजालाला ऑक्सिजन दिला की आंबवणं जवळजवळ थांबायचं. गाठीला भरपूर ऑक्सिजन दिला, तरी ती ढसाढसा ग्लुकोज पीत होती आणि लॅक्टिक अॅसिड ओकत होती. सपाट रस्त्यावर, मस्त हवेत चालणारा माणूस उभा चढ चढल्यासारखा धापा टाकतोय, असं काहीसं.

याला आज वॉरबर्ग परिणाम म्हणतात. वॉरबर्गला १९३१ मध्ये नोबेल मिळालं, पण ते कॅन्सरसाठी नव्हतं. ते श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी होतं.

वॉरबर्गने यावरून निष्कर्ष काढला, की कॅन्सरच्या पेशीचं श्वसनच बिघडलेलं असतं, मायटोकाँड्रिया नादुरुस्त होतात आणि तिथूनच कॅन्सर सुरू होतो. तो शेवटपर्यंत या मतावर ठाम राहिला. मोजमाप बरोबर होतं, पण निष्कर्ष मात्र बहुतेक कॅन्सरच्या बाबतीत चुकला. बहुतेक गाठींमधले मायटोकाँड्रिया चालू असतात. पेशी त्यांचा वापर करते, फक्त वेगळ्या कामासाठी. ते काम कोणतं, ते पुढे येईलच.

इथे आपल्या दोन बायकांची नावं घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पहिल्या कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने त्यांना 'बाई आहे' म्हणून प्रवेश नाकारला होता, आणि त्यांनी तो भांडून मिळवला. पुढे केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर काम करून दाखवलं, की मायटोकाँड्रियातल्या श्वसनाच्या साखळीतला सायटोक्रोम सी हा महत्त्वाचा दुवा वनस्पतींच्या पेशींतही असतो. १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. म्हणजे ज्या भट्टीबद्दल वॉरबर्ग बोलत होता, तिचाच एक भाग बटाट्यात शोधणारी बाई मराठी होती.

दुसऱ्या कमल रणदिवे, मूळच्या पुण्याच्या. त्यांनी मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पेशी शरीराबाहेर वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण वॉरबर्ग परिणाम डोळ्यांनी बघायचा असेल तर अशाच प्रयोगशाळेत जावं लागतं. पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात एक रंग घातलेला असतो. ताजा द्रव लालसर गुलाबी दिसतो. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढायला लागल्या, की एक-दोन दिवसांत तो पिवळा पडतो. का? कारण त्यांनी अॅसिड सोडलं. मी कॉलेजात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं होतं, अरे, यांनी तर दहीच लावलं!

तोट्याचा धंदा कशाला?

आता मुख्य प्रश्न. एका ग्लुकोजमागे ३० रोकड मिळत असताना २ वर समाधान मानायचं, हा तोट्याचा धंदा पेशी का करते?

आत्याच्या गल्लीत अजून एक-दोन जुने लाकडी वाडे उभे आहेत. समजा तुमच्याकडे लाकडाचा ढीग आहे. तो चुलीत घातलात तर चांगली ऊब मिळेल, रांधून होईल. पण सगळं लाकूड जाळलं तर वाड्याला तुळया कुठून आणणार? ग्लुकोज हे इंधन आहे तसंच बांधकामाचं सामानही आहे. पूर्ण जाळलं की त्यातले सहाही कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासातून निघून जातात.

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींना वाढायचं नसतं. त्यांनी जाळून ऊब घेतली की झालं. पण एका पेशीच्या दोन व्हायच्या असतील तर सगळंच दुप्पट लागतं. नवा डीएनए, नवं आवरण, नवी प्रथिनं. म्हणून वाढणारी पेशी ग्लुकोज पूर्ण जळू देत नाही. पहिल्या टप्प्यातच अधूनमधून फाटे फोडते. एका फाट्यावर डीएनएच्या कड्या बनवायचं सामान, दुसऱ्यावर अमिनो आम्लं, तिसऱ्यावर आवरणाची चरबी. मायटोकाँड्रियाही यात सामील असतात. भट्टी बंद पडलेली नसते, तिचा कारखाना झालेला असतो. २००९ मध्ये व्हॅन्डर हायडन, कँटली आणि थॉम्पसन या तिघांनी सायन्स मासिकात हा विचार मांडला आणि त्यानंतर या विषयाकडे पाहण्याची नजरच बदलली.

अर्थात हिशेब अजून पूर्ण लागलेला नाही. कारण बरंचसं ग्लुकोज तर लॅक्टेट होऊन बाहेरच फेकलं जातं, मग वाचवलं काय? काही जण म्हणतात फायदा वेगाचा आहे. काही म्हणतात, बाहेर टाकलेलं अॅसिड आजूबाजूच्या निरोगी पेशींना आणि आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींना त्रास देतं, आणि गाठीला पसरायला जागा मिळते. यावर अजून वाद चालू आहे.

आणखी एक. ही युक्ती कॅन्सरने शोधलेली नाही. तुम्हाला ताप येतो तेव्हा जंतूंशी लढायला तुमच्या टी-पेशी झपाट्याने वाढतात, आणि त्याही असंच करतात. आपल्याकडे वाढीची ही सोय मुळातच असते. फरक बटणाचा आहे. टी-पेशीचं बटण काम झालं की बंद होतं. कॅन्सरमध्ये जीन्समध्ये बिघाड होऊन ते चालूच्या जागी अडकतं. मग पेशीच्या पृष्ठभागावर ग्लुकोज आत घेणारी दारं वाढतात आणि आतली एन्झाइम वाढतात. त्यात गाठीच्या मध्यभागी खरोखरच ऑक्सिजन कमी पडतो. ऑक्सिजन कमी असल्याचं ओळखणारी पेशीची जी यंत्रणा आहे, जिच्या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं, तीही याच दिशेने ढकलते.

साखर एकटी नसते हेही लक्षात घ्या. ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्लही कॅन्सरच्या पेशींना भरपूर लागतं, कारण डीएनए आणि प्रथिनांना नायट्रोजन हवा, आणि तो साखरेत नसतो. काही गाठी चरबीवर जगतात. काही तर शेजाऱ्याने टाकलेलं लॅक्टेटसुद्धा खातात. एक रस्ता अडवला की दुसरा धरतात.

साखर देऊन गाठ शोधायची

डॉक्टर मात्र या साखरेच्या ओढीचा छान उपयोग करतात. आत्याचा पेट स्कॅन झाला तेव्हा मी सोबत होते.

या तपासणीत शिरेतून जे औषध देतात, ते म्हणजे ग्लुकोजचंच सोंग घेतलेला रेणू. त्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू चिकटवलेला असतो. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पहिलं एन्झाइम त्याच्यावर शिक्काही मारतं, पण पुढची पायरी त्याला चढता येत नाही. तो आतच अडकतो. जिथे साखरेची खेच जास्त, तिथे तो जास्त साठतो आणि पडद्यावर तो भाग उजळतो. माणसाला हे औषध पहिल्यांदा दिलं गेलं १९७६ मध्ये, अमेरिकेत.

गंमत म्हणजे याला वेळेची फार घाई असते. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. मुंबईहून निघालेलं औषध पावणेचार तासांनी नाशिकला पोचलं, तर वाटेतच पाऊण भाग संपलेला असतो. म्हणून ते बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, फार लांब असून चालत नाही. आपल्या देशात वैद्यकीय कामासाठीचं पहिलं सायक्लोट्रॉन मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये सुरू झालं.

तपासणीआधी सहा तास उपाशी राहायला सांगतात, आणि आदल्या दिवशी दगदग नको म्हणतात. आत्या विचारत होती, "गंगाद्वाराच्या पायऱ्या चढू का आदल्या दिवशी, दर्शन घेऊन येते." नाही, नको! स्नायू थकलेले असतील तर तेच साखर ओढतात आणि चित्र बिघडतं.

आणि तो रिपोर्ट बघून घाबरू नका, कारण उजळलं ते सगळं कॅन्सर नसतं. मेंदू तर कायम उजळतो, त्याला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. मूत्राशय उजळतं, कारण औषध लघवीतून बाहेर पडतं. टीबीच्या गाठीही उजळतात, आणि आपल्या देशात ही मोठी अडचण आहे. उलट सावकाश वाढणारे काही कॅन्सर, उदाहरणार्थ प्रोस्टेटचे बरेचसे, यात फारसे दिसतच नाहीत. म्हणजे सगळ्या कॅन्सरची साखरेची भूक सारखी नसते. माझ्या त्या एका वाक्यात हेसुद्धा नव्हतं.

मग साखर बंद केली तर?

आता आत्याचा प्रश्न. गाठीला साखर लागते, हे खरं. मग माणसाने साखर खाल्ली नाही तर गाठ उपाशी राहील की नाही?

नाही राहत. ऐका.

तुमच्या सगळ्या रक्तात मिळून, कुठल्याही क्षणी, साधारण ४ ते ५ ग्रॅम ग्लुकोज असतं. चहाचा एक चमचा. एवढंच. पण ते कमी होऊन चालत नाही, कारण मेंदू त्यावर चालतो. म्हणून शरीर ती पातळी जिवापाड सांभाळते. तुम्ही काही खाल्लं नाही, तर यकृत आपल्या साठ्यातून ग्लुकोज सोडतं. तो साठा साधारण एका दिवसात संपतो. मग यकृत नवं ग्लुकोज तयार करायला लागतं. कशापासून? थोडं चरबीपासून, आणि बरंचसं स्नायूंच्या प्रथिनांपासून.

म्हणजे आत्याने भाकरी सोडली तेव्हा गाठीची साखर बंद झाली नाही. तिच्या दंडाच्या आणि मांडीच्या स्नायूंची साखर झाली, आणि ती रक्तात आली. गाठीने ती आधीसारखीच उचलली.

यात अजून एक भोक आहे. गाठीने टाकलेलं लॅक्टेट रक्तातून यकृतात जातं आणि यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. हे चक्र कार्ल आणि गर्टी कोरी या नवरा-बायकोने शोधलं, १९४७ चं नोबेल त्यांना मिळालं. गाठ एका ग्लुकोजमधून २ एटीपी कमावते, आणि ते ग्लुकोज परत जोडायला यकृताला ६ खर्चावे लागतात. कमाई तिची, खर्च तुमचा. कॅन्सरच्या पेशंटचं वजन झरझर उतरतं, त्याचं हे एक कारण आहे. एकच नाही. गाठीमुळे अंगात जी सूज आणि जळजळ पसरते तिनेही स्नायू विरघळतात, भूक मरते. अशा माणसाने वरून स्वतःच जेवण तोडलं, तर काय होणार? स्नायू गेले की केमो सोसत नाही, जंतुसंसर्ग लवकर होतो, उपचार लांबतात. आत्याचं नेमकं हेच झालं.

मला कोणीतरी लगेच लिहील, "पण ताई, कीटो डाएटवर संशोधन चालू आहे." हो, चालू आहे. २०१८ मध्ये नेचर मासिकात एक अभ्यास आला होता, उंदरांवरचा. एका विशिष्ट प्रकारच्या औषधासोबत कीटो आहार दिला तर औषध जास्त चांगलं चाललं. पण त्याच अभ्यासात, रक्ताच्या कॅन्सरच्या उंदरांना औषधाशिवाय नुसता कीटो आहार दिला, तर आजार उलट वेगाने वाढला. म्हणजे हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचा प्रयोग आहे, घरच्या ग्रुपवर ठरवायचा नाही.

आणि दुसरी बाजूही सांगते, परत अर्धं नको सांगायला. रोज वर्षानुवर्षं जास्तीची साखर खाऊन वजन वाढलं, तर कॅन्सरचा धोका वाढतो. लठ्ठपणाचा संबंध तेरा प्रकारच्या कॅन्सरशी आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं आहे. त्यामुळे तुम्ही-आम्ही निरोगी माणसांनी कोल्ड्रिंक कमी करणं शहाणपणाचंच. ज्याला मधुमेह आहे त्याने कॅन्सरमध्येही शुगर सांभाळायचीच. पण कॅन्सर होऊ नये म्हणून काय खावं आणि कॅन्सर झाल्यावर काय खावं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी त्या रीलमध्ये ते एक करून टाकले होते.

खरंच उपाशी मारता येतं

आत्याची कल्पना मुळात वेडेपणाची नव्हती बरं का. कॅन्सरला उपाशी मारणं हे वैद्यकशास्त्रात जुनं आहे. फक्त ते ताटातून होत नाही.

यल्लाप्रगडा सुब्बाराव हे नाव ऐकलंय? आंध्रचा माणूस, अमेरिकेत गेला. १९२९ मध्ये स्नायूंमध्ये एटीपी सापडलं, ते शोधणाऱ्यांत तो एक. आपण मघापासून ज्या रोकडीबद्दल बोलतोय तीच. पुढे त्याच्या चमूने अॅमिनोप्टेरिन नावाचं औषध बनवलं. डीएनए बनवायला फोलिक अॅसिड हे जीवनसत्त्व लागतं. हे औषध फोलिक अॅसिडचं सोंग घेऊन पेशीत शिरतं आणि काम अडवतं. सिडनी फार्बर या डॉक्टरने ते रक्ताचा कॅन्सर झालेल्या १६ मुलांना दिलं. त्यातल्या १० जणांचा आजार काही काळ मागे हटला. १९४८ साल होतं. तोवर या आजारावर काहीच चालत नव्हतं. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे.

दुसरं उदाहरण अॅस्परॅजिनेज. लहान मुलांच्या एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये पेशींना अॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल स्वतः पुरेसं बनवता येत नाही, त्या रक्तातून घेतात. निरोगी पेशी ते बनवू शकतात. मग जिवाणूंपासून मिळवलेलं एक एन्झाइम रक्तात सोडतात, ते रक्तातलं सगळं अॅस्परॅजिन तोडून टाकतं. निरोगी पेशी तगतात, कॅन्सरच्या पेशी खरोखर उपाशी मरतात.

फरक कळला? तिथे अशी एकच वस्तू शोधली, जी त्या पेशीला हवी आणि आपल्याला नसली तरी चालते. ग्लुकोज तसं नाही. ते तुमच्या मेंदूला हवं, तुमच्या रक्ताच्या लाल पेशींना हवं, आणि गाठीशी लढणाऱ्या टी-पेशींनाही हवं.

घरी कोणी पेशंट असेल तर

पटकन सांगते. दर आठवड्याला वजन करा आणि लिहून ठेवा, उतरत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. प्रथिनं महत्त्वाची. पोषणाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कॅन्सरच्या पेशंटला दर किलो वजनामागे दिवसाला १ ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिनं मिळायला हवीत, जमलं तर दीड. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात. अंडं चालत नसेल तर डाळ, दही, पनीर, शेंगदाणे. किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा. एकदम जेवण जात नसेल तर थोडं थोडं, सहा वेळा. तोंडाला चव नसताना शिऱ्याचे दोन घास गेले, तर जाऊ द्या. आणि आहारतज्ज्ञांना भेटायचं राहू देऊ नका. आमचं राहिलं होतं.

उपासाचं म्हणाल, तर आत्याने या श्रावणात एकही सोमवार धरला नाही. आधी तिला अवघड वाटलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, "देवाला कळतं गं, तू जेव."

आत्या आता ५१ किलोवर आलीय. उरलेल्या केमो झाल्या, ऑपरेशन झालं. पुढच्या महिन्यात तपासणी आहे. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, आणि मी अंदाज सांगणार नाही. काल दुपारी दुकानातली गर्दी ओसरल्यावर एक गिऱ्हाईक तिला प्रसादाचा पेढा देऊन गेलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "खाऊ?" मी म्हटलं, "खा." तिने अर्धा मला दिला.

त्या जुन्या भागाच्या सुरुवातीला मी दुरुस्ती रेकॉर्ड करून जोडलीय. रील मात्र माझ्या हातात नाही, ते अजून फिरतंय. तुमच्या ग्रुपवर आलं, तर त्याखाली हा भाग टाका. एवढं एक काम करा माझ्यासाठी.

पाऊस वाढलाय, थांबते इथे. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि जेवून घ्या.